मातीची माती कशाची असते?

पत्र :

माझी मुलगी आठ वर्षांची आहे, मुलगा साडेचार. मागच्या महिन्यात मुलीला शाळेतून ‘मातीचे प्रकार’ असा तक्ता करून आणायला सांगितला होता. आम्ही चित्रं छापून आणली, चिकटवली, तिने नावं घडाघडा पाठ केली, शाबासकीही मिळाली. मग एक दिवस कुंडीला पाणी घालताना तिने विचारलं, “आई, ही यातली कोणती?” मला सांगता आलं नाही. पुढचा प्रश्न आला, “माती कशाची असते?” मी म्हटलं, “मातीची.” दोघी हसलो, पण मला ते लागलं. मुलांना माती नीट दाखवायची तर सुरुवात कुठून करू? धाकट्याला सोबत घेता येईल का? आमचं घर वरच्या मजल्यावर, अंगण नाही. शिवाय सासूबाई म्हणतात, मातीत हात घातले की आजारपण आलंच. त्यांचं चुकतंय असं मलाही छातीठोकपणे म्हणवत नाही.

– मातीत अडकलेली आई

उत्तर :

तुमचं उत्तर निदान प्रामाणिक होतं. मी याहून वाईट उत्तर कित्येक वर्षं दिलं आहे. विज्ञान शिकवायला लागले तेव्हा मी वर्गात ठणकावून सांगायचे, “माती म्हणजे खडकाचा भुगा.” एका मुलाने ते मनावर घेतलं. दोन मऊसर दगड एकमेकांवर घासून त्याने डबीभर भुगा जमवला आणि माझ्यासमोर ठेवला. “बाई, झाली माती?” मला काय म्हणावं कळेना. भुगा खरा होता, पण माती काही झाली नव्हती.

माझं उत्तर अर्धंच होतं, आणि खरं सांगायचं तर अर्ध्यालाही थोडं कमी. झाडं चांगली वाढतात अशी माती घेतली, तर तिच्या एकूण जागेपैकी साधारण ४५ टक्के जागा खनिजकणांची असते, म्हणजे माझ्या त्या ‘भुग्या’ची. पाचेक टक्के कुजलेला आणि कुजत असलेला पालापाचोळा, मुळं, मेलेले-जिवंत जीव. उरलेल्या निम्म्या जागेत काय असतं? पाणी आणि हवा. हा ढोबळ हिशेब आहे, पाऊस पडला की हवेची जागा पाणी घेतं आणि ऊन तापलं की उलट होतं. पण माती निम्मी पोकळ असते, हे ऐकून मुलांचे डोळे जसे मोठे होतात तसे तक्त्यातली नावं ऐकून होत नाहीत.

म्हणून माझं म्हणणं असं, की तो तक्ता काही दिवस कपाटावर ठेवा. आधी मातीत काय काय आहे ते मुलांना सापडू द्या, प्रकार मागाहून. मातीचे प्रकार बहुतेक वेळा त्या ‘काय काय’च्या प्रमाणावरूनच ठरतात. घटक न बघता प्रकार पाठ करणं म्हणजे लाल-पिवळा-निळा न दाखवता छटांची नावं घोकून घेणं. आणि प्रकार तरी किती? अमेरिकी पद्धतीत जगातल्या मातींचे १२ मोठे गण मानतात. आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात ३२ गट आहेत. नुसत्या कणांच्या प्रमाणावरून पाडलेले वर्ग पुन्हा वेगळे, तेही १२. तुमच्या तक्त्यात जे आकडे असतील ते चुकीचे असतीलच असं नाही, पण कोणी कशासाठी वाटण्या केल्या त्यावर ते अवलंबून आहेत. आठ वर्षांच्या मुलीला हे सांगायची गरज नाही. तुम्हाला मात्र माहीत असलेलं बरं, म्हणजे तिने वेगळ्या पुस्तकात वेगळी यादी पाहिली तर घाबरायला नको.

आता पहिली दुपार. प्रयोग काही करायचा नाही. तीन वेगवेगळ्या ठिकाणांहून मूठ-मूठ माती आणा : एखाद्या जुन्या झाडाखालची, पायवाटेच्या कडेची, आणि कुठे खोल खणलेलं असेल तर तिथली. जागा दुसऱ्याची असेल तर विचारून. जुने पांढरे कागद पसरा, प्रत्येकावर एक ढीग, हातात काडी आणि जमलं तर भिंग. धाकटा इथे ताईपेक्षा सरस ठरेल, बघाच. त्याच्या वयाची मुलं निवडून वेगळं करण्यात रमतात. खडे एकीकडे, मुळ्यांचे धागे एकीकडे, पानांचे तुकडे, बिया, एखादा पंख, कोषाचं टरफल, प्लास्टिकची चिंधी. घरात लोहचुंबक असेल तर तो पिशवीत गुंडाळून वाळलेल्या मातीवरून फिरवा. पुष्कळ वेळा काळे बारीक कण टपटप चिकटतात, ते लोहयुक्त खनिजाचे. पिशवी उलटी केली की कण सुटे. पिशवीशिवाय फिरवलात तर चुंबक साफ करत बसावं लागेल, हे मी अनुभवाने सांगते.

या खेळात एकच प्रश्न विचारत राहा. “हे काय आहे?” असं विचारू नका, त्याने मूल नाव शोधायला लागतं आणि नाव सापडलं की थांबतं. विचारा, “हे आधी काय असेल?” खडा आधी मोठा दगड होता. काळा चुरा आधी पान होता. पांढरी चकचकीत कपची आधी कुणा गोगलगायीचं घर होती. इथे तुमच्या मुलीला तिचं उत्तर मिळेल. माती कशाची असते? आधी दुसरं काहीतरी असलेल्या गोष्टींची. पुस्तकी भाषेत खडक फुटण्याला विदारण म्हणतात आणि पालापाचोळा कुजून होणाऱ्या काळ्या भागाला ह्यूमस किंवा कुथित मृदा. हे शब्द तिला वाटेत कुठेतरी द्या, सुरुवातीला नकोत. मातीचा सेंटिमीटरभर थर तयार व्हायला बहुतेक ठिकाणी शेकडो वर्षं लागतात, हेही तेव्हाच सांगा, ढीग तिच्या समोर असताना.

दुसऱ्या दिवशी हवा दाखवायची. काचेचा ग्लास, त्यात वाळलेलं ढेकूळ, वरून हळूच पाणी. बुडबुडे येतात. एवढंच. पण “बुडबुडे कुठून आले?” यावर मुलांचं अर्धा तास भांडण चालतं, त्यात तोंड घालू नका. आपल्या शेतकऱ्यांकडे यासाठी एक सुरेख शब्द आहे, वाफसा. पाऊस पडून गेल्यावर जादा पाणी निथळून जातं, ओल राहते आणि मोकळ्या झालेल्या फटींत पुन्हा हवा शिरते, ती जमिनीची अवस्था. चिखलात पेरत नाहीत आणि कोरड्या ठणठणीतही नाही, वाफसा आला की पेरतात, कारण मुळांना पाणी लागतं तसा श्वासही घ्यावा लागतो. कुंडीत रोज तांब्याभर पाणी ओतून झाड का मरतं, हे मुलीला या एका शब्दाने समजेल.

याच ग्लासात आणखी एक बघण्यासारखं असतं. झाडाखालचं ढेकूळ आणि पायवाटेचं ढेकूळ, दोन्ही सारखीच वाळलेली घेऊन दोन ग्लासांत सोडा. झाडाखालचं बहुधा आकार धरून राहतं, वाटेवरचं बघता बघता ढासळतं. मुळं, बुरशीचे तंतू आणि जीवाणूंनी सोडलेले चिकट पदार्थ यांनी कण बांधलेले असतात. ते बंध नसले की पाणी आत घुसताच ढेकूळ फुटतं. पावसात माती वाहून का जाते ते ग्लासात दिसतं.

मग हात. इथे तिन्ही कणांची ओळख होते. माती थोडी ओली करून अंगठा आणि पहिल्या बोटात चोळायची. खरखरली, कानाशी नेल्यावर करकरली तर वाळू. सुकी असताना पिठासारखी आणि ओली असताना साबणासारखी गुळगुळीत लागली तर गाळ. बोटाला चिकटून बसली आणि दाबल्यावर चकाकली तर चिकणमाती. शब्दांचा एक गोंधळ आताच निस्तरून टाकते. ‘पोयटा’ हा शब्द मधल्या आकाराच्या कणालाही वापरतात आणि वाळू, गाळ, चिकणमाती यांच्या मिश्रणाने झालेल्या जमिनीलाही. शाळेच्या पुस्तकात तो बहुतेक दुसऱ्या अर्थाने येतो. घरात तुम्ही कणाला गाळ म्हणा आणि मिश्रणाला पोयटा, म्हणजे वाद मिटला.

आकार सांगताना मिलिमीटर सांगून उपयोग नाही, तरी तुमच्यासाठी देते : वाळूचा कण २ मिलिमीटरपासून ०.०५ पर्यंत, गाळ ०.०५ पासून ०.००२ पर्यंत, आणि त्याखाली चिकणमाती. मुलांना असं सांगा, की चिकणमातीचा मोठ्यात मोठा कण मोहरीएवढा फुगवला, तर त्याच हिशेबाने वाळूचा मोठ्यात मोठा कण बाबांच्या डोक्याच्याही वर जाईल. म्हणून वाळूच्या कणांमध्ये मोठ्या फटी राहतात आणि पाणी सरळ खाली पळतं. चिकणमातीचे कण तर गोलही नसतात, पत्त्यांसारखे चपटे, एकावर एक. पाणी त्या पत्त्यांना चिकटून बसतं, काही जातींत तर पत्त्यांच्या मध्ये शिरून त्यांना फुगवतं. वाळताना तीच माती आकसते आणि जमिनीला भेगा पडतात.

लाडवाएवढा ओला गोळा घेऊन अंगठ्याने दाबत दाबत त्याची फीत काढायला लावा. गोळाच होत नाही, फुटतो? वाळू जास्त. फीत निघते पण २.५ सेंटिमीटरच्या आत तुटते? वाळू-गाळाचं वजन जास्त असलेली, पोयट्याकडची. ५ सेंटिमीटरहून लांब लोंबली तर चिकण. माती तपासणारी माणसं शेतात उभं राहून हेच करतात. धाकट्याला यात विज्ञान दिसणार नाही, तो साप करेल. करू द्या.

बरणीचा प्रयोग तुम्ही कुठेतरी वाचला असेलच. तो चांगला आहे, पण चार ठिकाणी फसतो, म्हणून सविस्तर लिहिते. सरळ भिंतींची पारदर्शक बरणी घ्या. खडे-मुळ्या काढून, ढेकळं फोडून माती चाळा आणि बरणी एक तृतीयांश भरा. वर पाणी, थोडी जागा मोकळी. भांडी घासायच्या साबणाचे दोन-चार थेंब टाकायला विसरू नका. साबण नसला की चिकणमातीचे कण एकमेकांना धरून गुठळ्यांनी खाली बसतात आणि वाळूत मिसळून सगळा हिशेब बिघडतो. झाकण घट्ट लावून दोन-तीन मिनिटं जोरात हलवा, हे काम दोघांमध्ये वाटून द्या. मग बरणी अशा जागी ठेवा जिथून ती दोन दिवस कोणी उचलणार नाही. स्वयंपाकाचा ओटा ती जागा नव्हे.

बरणीवर कागदाची पट्टी चिकटवून ठेवा. एका मिनिटात तळाशी जे बसलं ती वाळू, तिथे रेघ. दोन तासांनी त्यावर गाळाचा थर दिसतो, दुसरी रेघ. चिकणमातीला मात्र एक दिवस, कधी दोन दिवस लागतात, कधी पाणी त्यानंतरही गढूळच राहतं. मुलांचा धीर इथे सुटतो. मुलीला सांगा की पाणी गढूळ आहे म्हणजे कण अजून पडतायत, इतके बारीक की पाण्यातून खाली यायला त्यांना दिवस लागतो. वर तरंगतो तो काळा चुरा ह्यूमस आणि पानांचा. शेवटी पट्टीने थर मोजायचे. एकूण १० सेंटिमीटरमध्ये ४ वाळू, ४ गाळ, २ चिकणमाती आली तर तो अगदी नमुन्याचा पोयटा. चिकणमातीचा थर पाणी धरून फुगलेला असतो, त्यामुळे खऱ्यापेक्षा जरा जाड दिसतो, म्हणून दशांशाचा आग्रह धरू नका.

चौथी फसगत माझी स्वतःची. एका वर्षी धावपळीत बाहेरून माती आणायला जमलं नाही, म्हणून विकतचं कुंडीत भरायचं मिश्रण घेऊन वर्गात गेले. तीस मुलांसमोर बरणी हलवली, खाली ठेवली, आणि जवळजवळ सगळंच वर तरंगायला लागलं. पिशवीतल्या त्या मिश्रणात माती बहुधा नावालाच असते. नारळाच्या काथ्याचा भुसा, पीट म्हणजे दलदलीत अर्धवट कुजलेला पालापाचोळा, कंपोस्ट, भट्टीत फुगवलेल्या खनिजाचे पांढरे हलके दाणे, असंच काहीबाही. तेव्हा तुमच्या मुलीने कुंडीपुढे विचारलेल्या प्रश्नाचं खरं उत्तर “यातली कोणतीच नाही” असंही असू शकतं. कुंडीतली चमचाभर आणि झाडाखालची चमचाभर, दोन बरण्यांत शेजारी शेजारी लावा आणि तिलाच ठरवू द्या.

एवढं झालं की तक्ता खाली काढा. आता रेताड, पोयटा, चिकण ही नावं तिच्या बोटांना माहीत आहेत. रंगांचं थोडं सांगा : लाल आणि पिवळा रंग बहुतेक लोहाच्या गंजाचा, करडी-निळसर छटा असेल तर तिथे पाणी फार दिवस साचून हवा तुटली असावी, गडद रंग पुष्कळदा ह्यूमसचा. ‘पुष्कळदा’ मुद्दाम म्हटलं. काळी म्हणजे कसदार असं सरसकट शिकवतात ते बरोबर नाही, काळ्याभोर पण ह्यूमस कमी असलेल्या माती असतात. ‘चांगली माती – वाईट माती’ असा रकाना तक्त्यात असेल तर त्यावर कागद चिकटवा. कशासाठी चांगली, ते विचारायला हवं. मडकं करणाऱ्याला जी हवी ती गाजर पेरणाऱ्याला नकोशी.

जिवंत मातीवर मी पानंच्या पानं लिहू शकते, पण आवरते. चांगल्या मातीच्या एका चमच्यात जीवाणूंची संख्या अब्जाच्या घरात जाऊ शकते, हे मुलं ऐकतात आणि विसरतात, कारण दिसत नाही. दिसतं ते गांडूळ. चार्ल्स डार्विनने १८४२ मध्ये घराजवळच्या कुरणाच्या एका भागावर खडूच्या दगडाचे तुकडे पसरले आणि वाट पाहिली. किती? २९ वर्षं. १८७१ मध्ये चर खणला तेव्हा ते तुकडे एका रेषेत, सात इंच खाली सापडले. गांडुळांनी खालची माती विष्ठेच्या रूपाने वर आणून आणून त्यांना गाडलं होतं. ही गोष्ट मुलीला सांगा आणि मग तिला स्वतःचा छोटा प्रयोग सुरू करू द्या : जुन्या सुती रुमालाचा तुकडा आणि तेवढाच नायलॉनचा, झाडाखाली पाचेक सेंटिमीटर खोल पुरायचे, वर खूण ठेवायची, दोन महिन्यांनी उकरायचे. माती जिवंत आणि ओली असेल तर सुती तुकड्याची चाळण झालेली असते, नायलॉन तसाच. पहिल्या पावसाचा वासही या मंडळींचाच. मातीतले काही जीवाणू जिओस्मिन नावाचं द्रव्य बनवतात, थेंब आपटले की ते हवेत उडतं.

राहिल्या सासूबाई. त्या निम्म्या बरोबर आहेत, आणि ते त्यांना सांगाच. मातीत धनुर्वाताचे जीवाणू असतात, जंतांची अंडी असू शकतात, मांजरं जिथे घाण करतात तिथली माती तर नकोच. वर्दळीच्या रस्त्याच्या कडेला किंवा रंगाचे पापुद्रे सुटलेल्या जुन्या भिंतीखाली शिसं असू शकतं, तिथूनही आणू नका. दोघांच्या लसी वेळेवर झाल्यात ना ते बघा, हातावर जखम असेल तर झाका, नखं कापा, तोंडात बोट नाही, आणि उठल्यावर साबणाने हात. पिशवीतलं सुकं मिश्रण असेल तर आधी पाणी शिंपडा, त्याची धूळ नाकात जाऊ देऊ नका. इतकं पाळलं तर घाबरण्यासारखं काही नाही. सासूबाईंनाही एक ढीग द्या. माझा अंदाज आहे, फीत त्यांचीच सगळ्यांत लांब निघेल, हाताला मळायची सवय आहे.

आणि एक. प्रयोग संपल्यावर बरणी बेसिनमध्ये ओतू नका. चिकणमाती नळीच्या वळणात जाऊन बसते आणि तिथे ती बसायला दोन दिवस लावत नाही. वरचं पाणी कुंडीला घाला, खालची माती जिथून आणली तिथे परत नेऊन टाका.